सातव्या माणसाची ओळख

माया आणि नील, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मराठीत का, असं तुम्ही विचाराल. तुमच्या पॉपविषयी इंग्रजीत सांगणारी पुष्कळ माणसं आहेत, ती तुम्हाला पुढे भेटत राहतील. मराठीत सांगणारी बहुधा मी एकटीच. आई वाचून दाखवील. आणि आत्ताच का, तर गेल्या रविवारी माया, तू फोनवर मला विचारलंस, "आजी, वॉज पॉप फेमस?" तुझ्या वर्गातल्या कुणाच्या तरी आजोबांचं नाव एका रस्त्याला दिलं आहे, म्हणून तुला आपल्या आजोबांचं काहीतरी सांगायला हवं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. तुझी स्विमिंगला जायची वेळ झाली होती. म्हणाले, "उद्या सांगते हं, आता उशीर होईल." फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले... त्या माणसाच्या बाबतीत मी पुन्हा तेच केलं होतं.

पॉप गेल्याचा फोन मार्चमध्ये आला. मी इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक टाइप करत होते. तुमचे डॅडी मला 'आई' म्हणतात. ते म्हणाले, "आई, पॉप गेले. झोपेतच." मी काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की समोरच्या कागदावर 'प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटं' असं मी नुकतंच लिहिलं होतं. नीलला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून तुम्ही दोघं आणि आई सनीव्हेललाच राहिलात, डॅडी एकटे शिकागोला आले. त्यामुळे अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत. ते सांगायचंच आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

तुमचे पॉप, म्हणजे डॅडींचे वडील लायनेल हेस, शिकागोच्या दक्षिण भागात एका हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. मी शहराच्या उत्तरेला, भारतीय दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून जवळ राहते, आणि निवृत्त होईपर्यंत एका कॉलेजात वेळापत्रकं बनवायचं काम करत होते. कोणता वर्ग कुठल्या खोलीत, किती वाजता, हे माझ्या हातात असायचं आणि ते चुकलेलं मला खपत नसे. तुमच्या आईचं लग्न दोन हजार एकच्या उन्हाळ्यात झालं, त्याचंही वेळापत्रक मीच केलं होतं. मुहूर्त, हार, फोटो, भाषणं, जेवण. हॉल चार वाजता रिकामा करून द्यायचा होता.

पॉपबरोबर त्या दिवशी सहा म्हातारे गृहस्थ आले होते, सगळ्यांचे ब्लेझर जांभळट तांबड्या रंगाचे. मंडळातल्या एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वहिनी, बँड छान ठेवलाय हो! वाजवणार कधी?" मी म्हटलं, "बँड नाही, व्याह्यांचे मित्र आहेत." त्या "अय्या!" म्हणाल्या आणि दोघीही हसलो. मी का हसले, कोण जाणे. ते सहाजण म्हणजे पॉपचे कॉलेजातले 'ब्रदर' होते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात विद्यार्थ्यांची एक बंधुसंस्था होती. इतरांच्या संस्थांमध्ये या मुलांना जागा नव्हती, म्हणून त्यांच्या आधीच्यांनी स्वतःची काढली होती. एकदा तिच्यात शिरलं की माणूस मरेपर्यंत ब्रदर. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला इतकंच माहीत होतं की 'वरपित्याचे दोन शब्द' यासाठी पाच मिनिटं राखलेली आहेत.

पॉप उभे राहिले. आधीच उंच, त्यात डोक्यावर आपण बांधलेला फेटा. त्यांनी स्वतःविषयी एक अक्षर काढलं नाही. म्हणाले, "माझा मुलगा कोणत्या घरातला आहे हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून त्याच्या काकांची ओळख करून देतो." पहिले उठले ते सगळ्यांत बुटके, न्यायाधीश. ज्या कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांचे वडील फरशी पुसत, त्याच कोर्टात ते खुर्चीवर बसले. दुसरे हृदयाचे सर्जन. त्यांच्या आईला ज्या हॉस्पिटलात मागच्या दाराने आत घेतलं होतं, तिथेच ते विभागप्रमुख झाले. तोवर पाच मिनिटं होऊन गेली होती. डेव्हनहून आलेला केटरर दारातून मला खुणा करत होता. पॉप तिसऱ्या गृहस्थांकडे वळले. ते वैमानिक. "यांनी विमान कंपनीकडे अर्ज केला," पॉप सांगत होते, "तेव्हा कंपनी म्हणाली..."

तुमचे आबा माझ्या कानाशी पुटपुटले, "अगं, बोलू दे की त्यांना."

"पुऱ्या गार होतायत," मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवायला लागले. भाषण संपल्यावर वाजवतात तशा, हसतमुखाने. माझं बघून आपल्या सगळ्या मंडळींनी वाजवल्या. दोनशे माणसांच्या टाळ्यांत पॉपचं वाक्य बुडून गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि बसले. ओळख होईल म्हणून अर्धवट उठलेले चौथे गृहस्थही ब्लेझर सारखा करत खाली बसले.

जेवणं चालू असताना काचेतून मला बाहेर पार्किंगमध्ये ते सगळे दिसले. तुमच्या डॅडींना मध्ये घेऊन गोल करून उभे होते, एकमेकांच्या खांद्यांवर हात, तोंडं हलत होती. त्यांच्या संस्थेचं गाणं होतं ते, भाषणानंतर आत म्हणायचं ठरलेलं. मला काही ऐकू आलं नाही. मी श्रीखंड पुरेल ना ते बघायला गेले.

आपल्याकडे वरपित्याचा मान काय असतो हे मला चांगलं ठाऊक आहे. नारळ आधी कुणाच्या हातात दिला एवढ्यावरून व्याही रुसलेले आणि त्यांच्या मागे धावणारे मुलीचे वडील मी लहानपणी पाहिले आहेत. पॉपना मी शाल दिली, श्रीफळ दिलं, फेटा बांधला आणि मान झाला असं धरून चालले. पुण्याचे कोणी व्याही असते आणि तासभर बोलले असते, तर पुऱ्यांचे दगड झाले असते तरी मी टाळी वाजवली नसती. हे मला कुणी सुनावलेलं नाही. त्या रात्री साड्यांच्या घड्या घालताना माझं मलाच कळलं, आणि तेव्हापासून ते माझ्याजवळ आहे.

पुढच्या वर्षी माया, तुझं बारसं आमच्या घरी झालं. पॉप आले, कोट काढून माझ्या हातात दिला आणि दारातच म्हणाले, "तर मॅडम, विमान कंपनी म्हणाली की प्रवाशांना आवडणार नाही."

"कुणाला काय आवडणार नाही?" मी गोंधळले.

"नंबर तीन. आपण त्याच्यापाशी थांबलो होतो. तो म्हणाला, प्रवासी पुढे तोंड करून बसतात, मी त्यांच्याही पुढे बसेन, त्यांना माझी पाठसुद्धा दिसणार नाही. अर्ज करत राहिला. शेवटी घेतलं त्याला, आणि निवृत्त होईपर्यंत उडवलं त्याने विमान."

मी म्हटलं, "मिस्टर हेस, त्या दिवशी मी..."

"मॅडम, मी शाळेत आयुष्यभर घंटा वाजवली. घंटा झाली की मला कळतं. धडा पुढच्या तासाला घ्यायचा, झालं." आणि तुला बघायला पाळण्याकडे गेले. माफी मागायचं राहून गेलं ते असं. त्यांनी मागूच दिली नाही म्हणावं, तर मी तरी कुठे पुन्हा प्रयत्न केला?

मग ती रीतच पडली. अधूनमधून एखाद्या भेटीला एक ओळख. आबांचं ड्रायव्हिंग बंद झाल्यावर पॉप कधीकधी मला डेव्हनला किराण्याला नेत. पार्किंग शोधत आमच्या तीन-तीन फेऱ्या व्हायच्या. अशाच एका पावसाळी दुपारी रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो बघा नंबर चार." चौथे ब्रदर रसायनशास्त्रज्ञ. ओल्या रस्त्यावरही पट्टे दिसावेत म्हणून रंगावर काम करणाऱ्यांत ते होते. मी म्हटलं, "मग त्यांना विचारा, पार्किंग कुठे मिळेल." पॉप इतके हसले की मिळत असलेली जागा दुसऱ्याने घेतली. पाचवे दातांचे डॉक्टर. व्हॅनमध्ये खुर्ची बसवून ते गावोगाव फिरले, कारण गावातला दवाखाना त्यांच्या लोकांची दाढ फक्त उपटायचा, वाचवायचा नाही. सहावे फुटबॉलचे कोच. "जिंकला कमी, हरला जास्त," पॉप म्हणाले, "पण त्याच्या टीममधला प्रत्येक मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला. हा विक्रम छापत नाहीत कुठे."

त्यांची एक सवय मला खटकायची. मी टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या तरी ते गुपचूप आपली चिठ्ठी उचलून माझ्या डावीकडे येऊन बसायचे. शिवाय कुठूनही निघताना सगळे बाहेर पडेपर्यंत दार धरून उभे राहायचे. आबा आणि मी गाडीत बसून वाट पाहतोय, आणि हे अनोळखी माणसांसाठीसुद्धा दार धरून! "आपले व्याही म्हणजे अगदी द्वारपाल," आबा म्हणायचे.

शेवटची भेट गेल्या जानेवारीतली. पॉप चिवड्याचा डबा परत द्यायला आले होते. दारात म्हणाले, "आता एकच उरला. नंबर सात. त्याला जरा वेळ लागेल, चहा ठेवावा लागेल."

मला मंडळाच्या मीटिंगला जायचं होतं, हळदीकुंकवाची तयारी होती. म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की. आज चार वाजता पोचायचंय मला."

"चालेल. तो कुठे जात नाही," ते म्हणाले. आणि मला आधी बाहेर पडू देऊन, मागून दार ओढून घेऊन आपल्या गाडीकडे गेले.

नंतर मी लग्नाचा फोटो काढून पाहिला. सहा ब्लेझर आणि फेट्यातले पॉप. सहाही जणांची ओळख झाली होती, मग सातवा कोण? लग्नाला न आलेला कोणी, किंवा तरुणपणीच गेलेला एखादा, असं मी ठरवून टाकलं. फोन करून विचारता आलं असतं. केला नाही.

चर्चमध्ये ते सहाही आले होते. या वेळी काळे सूट, हातांत पांढरे हातमोजे, छातीवर त्याच जांभळट तांबड्या रंगाची फीत. शवपेटीच्या बाजूला ते ओळीने उभे राहिले, बुटक्या न्यायाधीशांपासून उंच कोचपर्यंत, आणि कोचच्या पलीकडे त्यांनी एका माणसाची जागा मोकळी सोडली. न्यायाधीश म्हणाले, "आम्ही एकाच वर्षी संस्थेत आलो. तेव्हा आम्हाला उंचीच्या क्रमाने उभं केलं आणि नंबर दिले. आयुष्यभर आम्ही एकमेकांना त्याच नंबरांनी हाक मारली. आमच्यात सगळ्यांत उंच लायनेल. नंबर सात."

चहा ठेवायला सांगत होते ते स्वतःच्या ओळखीसाठी.

मग न्यायाधीशांनी ती ओळख करून दिली, जी मी ऐकायला हवी होती. विद्यार्थी असताना हे सातजण त्या गावातल्या, गोरे ज्यांना मत देऊ देत नसत अशा म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसांना मतदार म्हणून नाव नोंदवायला चर्चपासून कोर्टापर्यंत चालत न्यायचे. वाटेत मागून ट्रक यायचे, शिव्या यायच्या, कधी काठ्या. लायनेल नेहमी सगळ्यांच्या मागे चालायचा. मागून जो येईल त्याला आधी मी लागेन, म्हणायचा. एकदा काठी डाव्या कानावर बसली. त्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. त्या दिवशीची सगळी माणसं कोर्टात पोचली, नावं नोंदवून परत आली, आणि लायनेल रक्ताळलेला रुमाल कानावर धरून शेवटी आत शिरला. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर रोज शाळेतून शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत दार धरून उभा राहायचा. "त्याने कुणाला मागे टाकलं नाही," न्यायाधीश म्हणाले, "म्हणून आज त्याच्या मागे आम्ही उभे आहोत."

माझ्या डावीकडे का बसायचे ते मला तेव्हा कळलं. चांगला कान माझ्या बाजूला यावा म्हणून. माझं बोलणं ऐकायला त्यांनी इतकी खटपट केली, आणि मी...

नंतर त्यांनी गाणं म्हटलं. सहा म्हाताऱ्यांचे आवाज, त्यातला एक कापरा, एक थोडा बेसूर. सहा वर्षांपूर्वी काचेपलीकडे जे झालं ते हे. मी पूर्ण ऐकलं. हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. शेवटी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर पडताना मी न्यायाधीशांना म्हटलं, "लग्नात मी त्यांना बोलू दिलं नव्हतं." ते म्हणाले, "माहीत आहे, मॅडम. लायनेल आम्हाला दर वेळी सांगायचा, आज कितव्यापर्यंत पोचलो ते. फार मजा यायची त्याला." मला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले असतील. बरं वाटलं नाही. पण ते सांगितल्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

तर माया, पॉपचं नाव कुठल्या रस्त्याला नाही. डेव्हनच्या रस्त्यावर त्यांच्या मित्राच्या कामाचा पट्टा आहे, तो तुम्ही दोघं उन्हाळ्यात याल तेव्हा दाखवीन, पाऊस असला तर आणखी चांगलं. फेमस होते का, ते सगळं ऐकून तुझं तू ठरव. त्या वेळी स्विमिंग असलं तर एक दिवस बुडेल.

जेवणाच्या टेबलाशी माझ्या डावीकडची खुर्ची मी हलवलेली नाही. लग्नातला तो फोटो शेल्फवर आहे. त्यातल्या सातही जणांची ओळख मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे.