बसलेला दगड

“बसलेला दगड उठवायचा नाही आणि दिलेली लेक परत मागायची नाही,” असं धोंडामास्तर उठता-बसता म्हणायचा. लोकांच्या अंगणात मोठमोठे धोंडे आणून बसवणं हा त्याचा धंदा. पहार धरायला हाताशी धाकटा भाऊ.

धाकट्याला दादाच्या हाताचा केवढा अभिमान! दादा धोंड्याभोवती फिरायचा, पाठीवर हात फिरवून त्याचं तोंड शोधायचा आणि मग खड्डा खणवून त्याचं पोट मातीत घालायचा. “वर ठेवलेला दगड पाहुणा,” तो म्हणायचा, “पोटापर्यंत रुतलेला, तो घरचा.” एकदा शेवाळ चढलं की वाटावं, धोंडा आधीचा आणि घर मागून आलेलं.

एका बाईंच्या अंगणात म्हशीएवढा काळा धोंडा बसवायचा होता. ओंडक्यांवरून ढकलत तो खड्ड्याच्या काठाशी आणला. मास्तर म्हणाला, “सोडा!” धोंडा घसरला आणि बसला. धाकट्याच्या डाव्या पावलावर.

धाकटा गुरासारखा ओरडला. गडी पहारी घेऊन धावले.

“थांबा.”

मास्तर फाटकापर्यंत मागे गेला. डोळे बारीक करून त्याने पाहिलं. धोंड्याचं तोंड नेमकं बाईंच्या खिडकीकडे आलं होतं. असा दगड जन्मात एखादाच बसतो.

“हलवायचा नाही. खालची माती उकरा.”

“दादा, उचल रे! पाया पडतो तुझ्या!”

“आधी पाय निघू दे, मग पड.”

एक-दोन गडी हसलेसुद्धा. पहारींचा एक हिसका पुरला असता. त्याऐवजी ते खुरप्यांनी माती उकरत राहिले. पाऊल सुटलं तेव्हा सावल्या कुंपणापलीकडे गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर पाऊल वाचलं असतं. घोट्याखालचं सगळं कापावं लागलं.

पुढे लोक मास्तरला नावं ठेवायला लागले की धाकटाच अंगावर जायचा. “तो कारागीर आहे. माझ्यासाठीसुद्धा त्याने दगड उठवला नाही, कळलं?” कुबडी टेकत तो त्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा, धोंड्यावरचं हिरवं शेवाळ बघायचा. आपलं पाऊल फुकट गेलं नाही, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं.

मग बाईंच्या घरात सून आली. तिला त्याच जागी गाडी लावायची होती. मास्तरला बोलावणं गेल्याचं कळताच धाकटाही गेला. दादा आता कसा ठणकावून नाही म्हणतो, ते त्याला ऐकायचं होतं.

“मास्तर, हा जरा बाजूला करता का?” बाई म्हणाल्या.

“करतो की. कुठे टाकू?”

क्रेनची साखळी आवळली. धोंडा मातीतून दाढ उपटावी तसा वर आला आणि कुंपणाशी आदळला, तोंड भिंतीकडे. खड्ड्यात गांडुळं वळवळत होती.

“दादा,” धाकटा कुबडी पुढे टाकत म्हणाला, “बसलेला दगड उठवायचा नाही ना?”

“गिऱ्हाईक आहे ते.”

“आणि मी?”

मास्तरने साखळी गोळा केली, हात झटकले.

“तू घरचा.”

पहार खांद्यावर टाकून तो फाटकाबाहेर पडला, नेहमीसारखा सावकाश, ताठ. खिडकीतून सून बघत होती, पण ती गाडीला जागा पुरेल का ते. त्याच्या पाठीकडे बघत होता तो एकटा धाकटा, रिकाम्या खड्ड्याच्या काठावर, एका पायावर.