चार रिकाम्या तारा

गौतमीला स्वस्थ बसणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. फाइल येताना पडद्यावरची हिरवी पट्टी सरकायला लागली, की ही तेवढ्यात दोरीवरचे कपडे काढून येते, भात टाकून येते आणि पुन्हा पट्टीकडे डोळे लावून बसते. गेल्या आठवड्यापासून मात्र कपडे झाले, भात झाला, भांडी घासून झाली, तरी पट्टी आपली होती तिथंच. तिच्या जिवाची नुसती तगमग चालली होती.

वरवंडच्या त्या घरात नवराबायकोचा लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा. सम्राट शूटिंग करून यायचा आणि पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर सगळं उतरवायचा. मागच्या खोलीत बसून गौतमी त्याचं एडिटिंग करायची. दोन्हीकडे एकेक राउटर आणि मधून एक केबल, एवढाच पसारा. लग्नाआधी माहेरी, मांडवगण फराट्याला असताना, ती हे काम मोबाइलवर बघून बघून शिकली होती. नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी येतं तो क्षण तिच्या नजरेतून कधी सुटायचा नाही.

आणि आता सम्राट म्हणत होता, फाइली अशा रखडत येणार असतील तर एडिटिंग दौंडच्या रोहनला देऊन टाकू. रोहन त्याचा मित्र. म्हणजे हिच्या हातचं काम जाणार. हे ऐकल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता.

तिनं दोन्ही राउटर बंद करून चालू केले, त्यांच्या जागा बदलल्या, धूळ पुसली. इंटरनेट ठीक चालत होतं, म्हणून नेटवाल्यानं फोनवरच हात झटकले. शेवटी ती राउटरच्या सेटिंगमध्ये शिरली. दोन राउटरांमधला वेग हजार एमबीपीएसवरून थेट शंभरावर आलेला. मग दोष केबलमध्येच असणार. केबलचा माग काढत ती सासूच्या खोलीत पोचली. कॉटमागं केबल सोललेली होती आणि आतल्या आठ तारांपैकी चार तोडून भलतीकडं वळवल्या होत्या.

हे काम तिच्या सासऱ्यांचं, आबांचं. पाटसच्या कारखान्यात वायरमन म्हणून त्यांची सगळी उमर गेली. गेल्या महिन्यात सासूबाई, ताईबाई, न्हाणीत घसरून पडल्या. गौतमीच्या कानावर हेडफोन, हाक ऐकूच गेली नाही. म्हणून आबांनी गेल्या आठवड्यात कॉटजवळ बटण आणि ते दाबलं की पेटणारा एक लाल दिवा गौतमीच्या टेबलावर बसवला होता, आणि त्याला याच चार तारा वापरल्या होत्या. दिवा आला आणि वेग गेला, पण ही सांगड काही तिला सुचली नव्हती.

ती तणतणत बाहेर ओट्यावर बसलेल्या आबांकडे गेली.

"चार तारांवर नेट चालतंय की," आबा म्हणाले. "बाकीच्या चार रिकाम्याच पडल्या हुत्या. आईला बघायला तुला सारखं काम सोडून उठाया लागू नये, म्हणून केलं पोरी."

चार तारांवर नेट चालतं खरं, पण हजाराचा वेग यायला आठही लागतात. राग कुणावर काढायचा ते गौतमीला कळेना. तिचं काम चालू राहावं म्हणून केलेल्या गोष्टीनंच तिचं काम जायला निघालं होतं. आबांनी मुकाट्यानं दिव्याला वेगळी वायर ओढली. तिनं दुकानातून नवी केबल आणून दोन्ही राउटरांना जोडली, आणि ती खुर्चीतून उठायच्या आत फाइल येऊन पडली.

ती धावतच पुढच्या खोलीत सांगायला गेली. सम्राटनं मान वर केली नाही. रोहनला शब्द दिलाय, म्हणाला. आता वेग आला की, मग कशाला, असं तिनं विचारलं, तेव्हा तो जरा घुटमळला.

"आई पडली तवा तुझ्या कानावर हेडफोन हुते," तो म्हणाला. "घरात कुणीतरी ध्यान द्यायला पायजे."

म्हणजे रखडणाऱ्या फाइली हे नुसतं निमित्त होतं. क्षणभर गौतमीला वाटलं, गप्प बसावं.

"न्हाणी तुमच्या ह्या खोलीला लागून हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही हितंच बसला हुता. दार उघडं हुतं. माझ्या कानावर हेडफोन हुते. तुमच्या कानावर काय हुतं?"

सम्राट फोन उचलून बाहेर गेला आणि एडिटिंग घरीच होईल, असं रोहनला सांगून आला.