हात मागे बांधून दुरुस्ती

चादरीची नक्षी दुपारपर्यंत कारखान्यात पोचवायची होती आणि लिनक्स अपडेट करताच माझ्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने हात मागे बांधले, ते सोडलेच नाहीत. कीबोर्डवरची कळ दाखवायची तीही हनुवटीनं.

"आजी, तुमीच टाइप करा की. परत काळा झाला तर मी कुटं असनार?"

तरुणपणी फ्यूज उडाला तर नवऱ्याची वाट बघत अंधारात बसणारी मी बावळट! आता मीच मशीन जुन्या कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या अपडेटआधीच्या गाभ्यावर सुरू केलं, बिघाडांची नोंद असलेला लॉग वाचला आणि ओरडले, "अहो, पडद्यावर चित्र आणणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची फर्मवेअर फाइलच नाही हितं!"

फाइल बसवली. नक्षीतला मोर पडद्यावर आला.

तो निघाला, तेव्हा दारातच थांबवून मी त्याला मशीन बंद करून पुन्हा चालू करून दाखवलं. उगाचच.