आबांची तीनचाकी

लकव्यानंतर वडिलांना, आमच्या आबांना, सायकलवर तोल सांभाळता येईना. एरंडोलहून पद्मालयच्या गणपतीला जाणारी त्यांची चतुर्थीची फेरी बंद पडली. म्हणून मी दोन जुन्या सायकली कापून, रेलून बसून चालवायची तीनचाकी केली. सीट खाली, पेडल समोर. तीनदा वेल्डिंग तुटलं, तरी सोडलं नाही.

चतुर्थीला आबांना तिच्यावर बसवलं. समोर ताणलेल्या आपल्या पायांकडे ते बघत राहिले.

"देवकडे पाय करीसन जाऊ का मी?" म्हणाले आणि उतरले.

इंच न् इंच मोजला होता मी, पण पाय कुणीकडे होतील हे या गाढवाच्या टाळक्यात आलं नाही.

आता चतुर्थीला आबा पद्मालयाकडे तोंड करून ओट्यावर बसतात. अधू पाय हातानं ओढून पोटाशी घेतात.