पाचही पुस्तकं तीच

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याकडे परत पाठवलं ते मी. देवाने नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत त्या विषयाच्या कडेकडेने जातो आणि आमेन म्हणून उठतो.

मी मुळातच कमी बोलणारा. बायको म्हणते, ह्यांना भाजीत मीठ नाही हे कळतं, पण सांगायला जमत नाही. खरं आहे. आणि पुढे जे झालं ते ह्या न जमण्यातूनच झालं.

वर्तकनगरला आमची जागा आहे. हॉल, किचन, एक बेडरूम, जिना चढून तिसरा मजला. दर शनिवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये चर्चच्या मंडळीतल्या सात-आठ बायका वाचनाला जमतात. कुणी माजिवड्याहून येतं, कुणी कळव्याहून, एक तर डोंबिवलीहून. भक्तीचं, विश्वासाचं एखादं पुस्तक घ्यायचं, महिना-दीड महिना ते वाचायचं, प्रत्येकीने घरून एक पान लिहून आणायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. मग चर्चा. आधी पुस्तकावर, मग सुनांवर, मग कुणीतरी खाकरलं की परत पुस्तकावर. मी किचनमध्ये चहा टाकतो. पडद्याआडून सगळं ऐकू येतं.

पुस्तकं आणायचं कामही माझं, कारण ऑफिसजवळ ख्रिस्ती पुस्तकांचं दुकान आहे. आधी कुठलं पुस्तक घ्यायचं ह्यावरून वाद व्हायचे. एकीला संतांची चरित्रं हवीत, एकीला प्रार्थनेवरचं, एकीला फक्त मोठ्या टाइपातलं. शेवटी पाळकसाहेबांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी, तोडगा काढला. म्हणाल्या, "प्रेषितांनीसुद्धा चिठ्ठ्या टाकल्या होत्या. आपणही प्रभूवर सोपवू." तेव्हापासून मी पाच वेगवेगळी पुस्तकं आणायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची, दोऱ्याने बांधायची आणि टीपॉयवर मांडायची. प्रार्थना झाली की एकीने एक उचलायचं. जे निघेल ते प्रभूने दिलेलं. उरलेली चार न सोडता मी दुकानात परत द्यायची. ती सोडून बघणं म्हणजे देवाच्या निवडीवर शंका घेणं, असं पाळकीणबाईंचं म्हणणं.

ह्या प्रकाराला हसणारी एकच होती, कळव्याची निवृत्त नर्सबाई. जाडजूड पुस्तक निघालं की म्हणायची, "प्रभूला माझा मोतीबिंदू माहीत नाही वाटतं." पण तीही ते जाड पुस्तक शेवटपर्यंत वाचायची.

बहीण आली ती जानेवारीत, संध्याकाळची, घोडबंदर रोडवरून रिक्षाने, एक बॅग घेऊन. ओढणी मानेभोवती घट्ट. बायकोने तिला आत नेलं, दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "राहू दे तिला. काही विचारू नका." मी नाही विचारलं. मला तेच सोयीचं होतं.

ती हॉलमध्ये झोपायची. बसायची कायम दाराकडे तोंड करून. जिन्यात चपला वाजल्या की तिचं बोलणं मध्येच थांबायचं. चपला आमचा मजला ओलांडून वर गेल्या की ती वाक्य पुढे सुरू करायची, जिथे तुटलं होतं तिथूनच. पाहुणे आले तर त्यांना गंमत वाटायची. आम्हाला सवय झाली.

सवय झाली हेच वाईट झालं. एकदा सवय झाली की माणसाला जागा कमी पडायला लागते. माझी मुलगी बारावीला होती, ती किचनच्या ओट्याशी स्टूल ओढून अभ्यास करू लागली. बिल्डिंगमधले विचारायचे, "बहीण अजून आहे का? मोठी सुट्टी दिसते." मंडळीत लोक विचारत नव्हते, पण बघायचे. आणि तिच्या नवऱ्याचा फोन यायचा, मला, ऑफिसात. आवाज इतका मऊ की मलाच अपराधी वाटायचं. "दादा, तुम्ही मोठे आहात. चूक माझी असेल, पण घर मोडू नये. ती तुमचं ऐकते." आमच्यासारखाच ख्रिस्ती घरातला मुलगा. नाताळात गायनमंडळात पुढच्या रांगेत उभा राहणारा.

बायकोने एकदाही तक्रार केली नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. तिच्या नावावर काही टाकायचं नाही. कंटाळलो होतो मी. बहिणीसमोर उभं राहून "आता जा" म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. आणि "राहा, हे तुझंच घर आहे" हे म्हणायचं मनही नव्हतं.

मार्चमध्ये नवीन पुस्तक निवडायचं होतं. दुकानात गेलेलो तेव्हा समोरच एक पातळ पुस्तक दिसलं. एका बाईने लिहिलेली स्वतःची साक्ष. नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून ती माहेरी येते, प्रार्थनेत तिला कळतं की परत जायचंय, ती जाते, सोसते, क्षमा करते आणि नवरा बदलतो. पुस्तकाला मी नावं ठेवत नाही. त्या बाईच्या बाबतीत ते तसंच घडलं असेल. मी उभ्या उभ्या अर्धं चाळलं आणि दुकानदाराला म्हणालो, "ह्याच्या पाच प्रती द्या."

"पाच? वाटायला का?"

"हो," मी म्हणालो.

घरी सगळे झोपल्यावर वगैरे काही केलं नाही. भरदुपारी, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर बसून पाचही प्रती गुंडाळल्या. शेजारच्याने दोरा धरायला बोटसुद्धा दिलं. हात थरथरले असं लिहायला बरं वाटलं असतं. थरथरले नाहीत.

शनिवारी ते पाच गठ्ठे टीपॉयवर मांडले. नर्सबाईने लगेच एकेक चाचपून बघितला. "अय्या, आज सगळीच सडपातळ! प्रभू डाएटवर आहे का?"

मी किचनमधूनच म्हणालो, "मार्च एंडिंग आहे. जाड पुस्तकं वाचायला वेळ कुणाला?"

सगळ्या हसल्या. मी स्वतःहून विनोद केला ह्याचंच त्यांना जास्त नवल. बायको तर पडदा सरकवून बघून गेली.

पाळकीणबाई म्हणाल्या, "आज आपल्या लेकीला उचलू दे. जिच्या मनावर ओझं आहे तिनेच मागावं." हे माझ्या हिशेबात नव्हतं. मला वाटलेलं, नेहमीसारखं कुणीतरी उचलेल. बहीण पुढे झाली. प्रार्थना बराच वेळ चालली. मग तिने डोळे मिटूनच एका गठ्ठ्यावर हात ठेवला, काढला, दुसऱ्यावर ठेवला, परत पहिल्याकडे नेला. जणू चुकीचं निघालं तर काय, अशी भीती तिच्या बोटांत होती. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा. त्या टीपॉयवर चुकीचं निघायला दुसरं काही नव्हतंच.

शेवटी तिने मधला उचलला. दोरा सोडला, मुखपृष्ठ वाचलं, पाठीमागचा मजकूर वाचला आणि खाली बसली. पाळकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी. नर्सबाईचा चेहरा तेवढा उतरलेला.

सगळ्यांना प्रती हव्या होत्या. पुढच्या शनिवारी मी उरलेल्या चार आणल्या आणि वाटल्या. "इतक्या लवकर मिळाल्या?" पाळकीणबाई म्हणाल्या. "बघा, प्रभूने आधीच सोय करून ठेवलेली." दोन-दोन जणींनी मिळून एक प्रत वापरली.

चर्चा त्या वेळी वेगळ्या झाल्या. सुनांवर कुणी घसरलं नाही. डोंबिवलीची एक शिक्षिका म्हणाली, क्षमा करणं वेगळं आणि परत जाऊन राहणं वेगळं. त्यावर दुसरी म्हणाली, पण पुस्तक आपण निवडलंय का? ह्या प्रश्नानंतर वाद संपला. दर वेळी तिथेच संपायचा. पडद्यामागे दूध उतू जाऊ नये म्हणून मी पातेल्याकडे बघत राहायचो.

एप्रिलच्या शेवटी बहिणीने आपलं पान वाचलं. अक्षर तिचं लहानपणापासून सुंदर. "मी प्रभूला म्हटलं होतं, मला माणसाचा सल्ला नको. माणसं आपापल्या सोयीने सांगतात. तू सांग. पाचांतून हेच माझ्या हाती आलं. आता मी विचारणार नाही, जाणार."

आमेन म्हटलं सगळ्यांनी. माझाही आवाज त्यात होता.

तिला पोचवायला मीच गेलो. माजिवड्याला रिक्षा अडकली, पुढे गाड्याच गाड्या. सांगायला वेळ भरपूर होता. तिने बॅग मांडीवर धरलेली. मला म्हणाली, "दादा, तू काहीच का बोलत नाहीस?"

"मी कधी बोलतो?"

ती हसली. "तेही खरंच." मग पुढे रस्त्याकडे बघत, "भीती वाटतेय रे. पण आपल्या मनाने जात नाहीये ना, म्हणून बरं वाटतंय."

गाड्या हलल्या. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "भाऊ, डावीकडून घ्या."

पहिले काही महिने ती शनिवारी यायची. नवरा गाडीने सोडायचा आणि खाली थांबून राहायचा. "वर या ना," म्हटलं तर हसून म्हणायचा, "बायकांत मी काय करू, दादा?" चर्चा लांबली की खालून हॉर्न वाजायचा, एकदाच, लहानसा. ती वाक्य मध्येच सोडून उठायची. हे वाक्य पुढे सुरू व्हायचं नाही. मग ती एक शनिवार सोडून यायला लागली. मग फोनवर बोलायची. फोन कायम स्पीकरवर असतो हे कळायला मला वेळ लागला. ती आधी थांबते, मग उत्तर देते.

त्याच दरम्यान कल्याणला महिलांचा मेळावा झाला. पाळकीणबाईंनी तिथे तिची गोष्ट साक्ष म्हणून सांगितली. पाच गठ्ठे, मिटलेले डोळे, मधलं पुस्तक. नाव घेतलं नाही, पण आमच्याकडच्या सगळ्यांना कळलं. बायका रडल्या म्हणे. आता ती घर सोडून आली तर शेकडो बायकांनी ऐकलेली साक्षही तिच्या हातून मोडेल. तिला हे माहीत आहे.

मागच्या नाताळआधी ती एकदा आली होती, फराळाच्या करंज्या करायला. ती गेल्यावर नर्सबाई किचनमध्ये आली. कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिचं मनगट बघितलंत? दार लागून असं सुजत नाही. चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत मी."

मी विसळलेला कप पुसायला घेतला.

"मी तिला विचारलं, माझ्याकडे येतेस का? एकटीच असते मी. तर म्हणते, मला प्रभूने पाठवलंय, तोच बोलावेल. आता देवाच्या वरताण मी काय बोलणार, सांगा तुम्ही." नळ बंद केला. "तुम्ही भाऊ आहात. तुम्ही तरी बोला."

म्हणून गेलो मी तिच्या घरी. सोळावा मजला, खिडकीतून खाडीपर्यंत दिसतं. तिच्या नवऱ्याने स्वतः चहा केला. घर चकचकीत. बाथरूमला जाताना दिसलं, बेडरूमच्या दाराला बाहेरून कडी बसवलेली. नवीन, पितळेची. खालच्या फरशीवर ड्रिलचा पांढरा भुगा अजून कोपऱ्यात होता.

नवऱ्याला फोन आला, तो बाल्कनीत गेला, काचेचं दार उघडं ठेवून. मी हळूच म्हणालो, "ती कडी..."

"वाऱ्याने दार आपटतं, दादा." पाठ केल्यासारखं. मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "काळजी करू नकोस. खरं सांगू? माणसाने पाठवलं असतं ना मला, तर मी कधीच परत आले असते."

बाल्कनीतला माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. बोलत नव्हता, फोन नुसता कानाला. माझ्या जिभेवर सगळं होतं. पुस्तकाचं नाव, दुकान, पाच हा आकडा. मी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणालो, "बरं, निघतो. ट्रॅफिक असेल."

त्यानंतर ती शनिवारी आलेली नाही. फोन लागतो, पण उचलतो तो. "झोपलीये दादा," म्हणतो. सकाळी अकरालाही झोपलेली असते.

वाचन अजून चालू आहे. पुस्तकं अजून मीच गुंडाळतो, पाच वेगवेगळी, आणि दर वेळी सगळ्यांसमोर उरलेली चार सोडून दाखवावीत असं वाटतं. आता त्याचा काही उपयोग नाही. हे लिहून माझ्यावरचं काही उतरलं असंही नाही. तिच्यापर्यंत हे पोचणार नाही.

तिला सांगायचं एक वाक्य मी देणं लागतो: पाचही पुस्तकं तीच होती, मी बांधली होती, तुला देवाने पाठवलेलं नाही. हे मला तिच्या तोंडावर सांगायचं आहे, तिचा नवरा समोर बसलेला असला तरी, आणि सांगून झाल्यावर तिची बॅग मी उचलायची आहे. अजून सांगितलेलं नाही.