रविवारचं मांजर

पहिल्याच रविवारी मी मांजर म्हणून सपशेल नापास झाले. नवऱ्याने बाहेरच्या खोलीतून एक हाक मारली आणि मी लगेच हजर. तो हसत सुटला. म्हणाला, "तू काऊन आली? मांजर असं येते का?" वरून वाटीतलं दही संपवून ती वाटी मीच घासून पालथी घातली.

चाळिशी ओलांडलेल्या बाईने डोक्यावर कान लावून, गळ्यात घंटी बांधून लोळावं, ही कल्पना माझीच. मोठी माणसं जोडीदारासोबत असा खेळ खेळतात, हे मोबाइलवर वाचलं होतं आणि आठवडाभर ते डोक्यातून जाईना. नवऱ्याला सांगताना कानशिलं तापली. त्याने शांतपणे एवढंच विचारलं, मांजराला दूध लागेल की दही. मग नियम ठरले. दार बंद, मांजर बोलणार नाही, आणि दोनदा थाप मारली की खेळ तिथंच थांबणार. घंटी तान्ह्या पोळ्याच्या बाजारातली, पोरं लाकडी बैलांच्या गळ्यात बांधतात तसली.

मला हवं होतं ते इतकंच, की कोणी हाक मारली तरी न उठता यावं. ऑफिसात साहेब, सासरी झाडून सगळे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उभी. जन्माची खोड ती. पिपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत ती मोडायला तीन महिने लागले. एका रविवारी नवऱ्याने तीनदा बोलावलं. मी डोळे किलकिले करून पाहिलं आणि कूस बदलली. शेवटी तोच उठून आला आणि कितीतरी वेळ कानामागे खाजवत बसला. इतके लाड माझे कोणीच केले नव्हते. मला अगदी राज्य जिंकल्यासारखं वाटलं.

मग एका रविवारी मोठ्या नणंदबाई न कळवता रोहण्याहून आल्या. कडी लावायची आम्ही विसरलो होतो, त्या थेट आत. मी दिवाणावर, कानांसकट. मी दिवाणाच्या लाकडावर दोनदा थाप मारली, कान काढले, घंटी सोडली. खेळ संपला. आता नेहमीसारखं लगबगीने उठायचं आणि चहाच्या निमित्ताने तोंड लपवायचं. एक पाय खाली टेकलासुद्धा होता. तो मी परत वर घेतला.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"आमचा दोघांचा खेळ आहे, ताई. रविवारी मी मांजर असते. चहा तुमचा भाऊ ठेवून राह्यला."

तो खरंच स्वयंपाकघरात गेला होता. नणंदबाई खुर्चीच्या कडेला अवघडून बसल्या. भावाच्या हातचा चहा त्या आयुष्यात पहिल्यांदाच पीत होत्या. साखर जास्त झाली म्हणाल्या, पण कप रिकामा केला. कानांबद्दल काही विचारलं नाही. फक्त घंटी उचलून एकदा वाजवून पाहिली. मग सवयीने उठल्या, आमचे तिघांचे कप गोळा केले आणि मोरीकडे निघाल्या.

"ताई, बसा," मी म्हणाले. "मांजर वाटी धूत नाई."

त्यांनी ते कप भावाच्या हातात दिले आणि दिवाणावर माझ्या शेजारी पाय वर घेऊन बसल्या.