कॅनरी आणि ठोंब्या

मत्स्यालयात सगळे त्याला खारटमामा म्हणायचे. बायकोनं कितीही साबण हातावर ठेवला तरी अंगाचा खारा वास काही जाईना, म्हणून हे नाव. दोन जीव त्याच्या हवाली होते: दाराशी पिंजऱ्यातली कॅनरी आणि आतल्या टाकीतला ऑक्टोपस.

कॅनरी म्हणजे मामाचा जीव की प्राण! त्याची चाहूल लागली की ती गाऊ लागायची. "घरच्यांपेक्षा हे पाखरू माझी जास्त विचारपूस करतं," असं तो बायकोच्या देखतही सांगायचा. ऑक्टोपसचं नाव मात्र त्यानं ठोंब्या ठेवलं होतं. हात आठ, पण तोंडातून ब्र नाही! रोज एक हात वर काढून तो मामाच्या बोटांना चाचपायचा, आणि मामा खेकसायचा, "लागली का भूक, खादाडा?"

एका सकाळी कॅनरी गायलीच नाही. मामाच्या काळजात धस्स झालं. हातातली कामं कशीबशी उरकायच्या नादात त्यानं ठोंब्याच्या टाकीत पाणी ओतलं ते लाल बादलीनं. लाल बादली आजारी माशांच्या औषधाची. त्या औषधात तांबं असतं. मासे त्यानं बरे होतात, ऑक्टोपस मरतो. नव्या माणसांना हे बजावून बजावून मामाचाच घसा कोरडा पडायचा.

तो काच पुसत होता तेवढ्यात ठोंब्या पांढराफटक पडला, वर आला आणि त्यानं मामाचं मनगट घट्ट धरलं.

"सोड रे बाबा, तिकडे पाखराचं काय झालंय कोण जाणे!" म्हणत मामानं त्याची पकड सोडवली आणि धूम ठोकली.

पाखराला काही झालं नव्हतं. पिसं गळायचे दिवस होते, त्या दिवसांत पाखरं गात नाहीत, एवढंच. मामा हुश्श करून परतला तर ठोंब्या तळाशी निपचित, आणि टाकीजवळ लाल बादली.

"वय झालं होतं त्याचं," मत्स्यालयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका, मामा." लाल बादली मामानं आधीच उचलून ठेवली होती.

कॅनरीला नवी पिसं आली आणि ती पुन्हा गाऊ लागली. लोक कौतुकानं थांबू लागले. मामाला मात्र ते गाणं ऐकवेना. शेवटी तो तसाच उठून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला आणि बादलीचं सगळं सांगून मोकळा झाला.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्याला त्रास होतोय हे तुम्हाला कळलं कसं नाही? त्यानं काहीच केलं नाही?"

"केलं ना, बाई. माझा हात धरला होता त्यानं," मामा म्हणाला. "मीच सोडवून घेतला."